खड्यांचं ऑपरेशन

माझं ऑपरेशन झालं ते पोट लहान करण्याचं. लोकांना मात्र सांगितलं की पित्ताशयातले खडे काढले. ही थाप मीच शोधून काढली. नवऱ्याच्या किंवा सासूच्या माथी ती उगाच मारणार नाही.

तेव्हा माझं वय चौतीस होतं आणि वजन एकशे बत्तीस किलो. भोरमधलं आमचं घर पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या चढताना मी मधल्या वळणावर थांबायचे आणि खालच्या बिऱ्हाडातल्या बाईशी काहीतरी बोलणं काढायचे, म्हणजे दम लागलाय हे दिसू नये. तिला ते कळायचं, पण बिचारी उत्तरं द्यायची. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलंच तर अर्धं अंग वाटेत काढून बसायचं आणि वर म्हणायचं, "बसा बसा, तुमी ऐसपैस बसा." चपलेचा पट्टा धाकटी मुलगी लावून द्यायची. झोपेत श्वास अडकायचा आणि नवरा हलवून जागं करायचा. साखर वाढली, गुडघे गेले. ज्याला-त्याला एकच माहीत, तोंडावर ताबा ठेव. अहो, ठेवला होता. उपास केले, काढे प्यायले, पहाटे उत्रोलीपर्यंत चालून आले. दहा किलो जायचे आणि बारा परत यायचे. आणि चोरून खाल्लंही आहे, ओट्यापाशी उभ्यानं, डब्याचं झाकण वाजू न देता. तेही लपवत नाही.

माझं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. एसटी दिवसातून दोनदा, तीही खालच्या रस्त्यापर्यंत, पुढं तासभराचा चढ. भात आणि नाचणी पिकायची आणि आषाढ लागेपर्यंत दोन्ही संपत आलेली असायची. त्या वाडीत माझ्याएवढं अंग कुणाचंच नव्हतं. म्हणूनच तिथं माझा लठ्ठपणा आईला मिरवायला मिळाला. मी गेले की ती शेजारणींना हाका मारून बोलवायची, माझा दंड दोन्ही हातांत धरायची आणि म्हणायची, "बघा गं, आमच्या पोरीला सासरी कशाची कमी न्हाई." मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. ती मात्र मनापासून खूश असायची. स्वतः तिनं कधी पोटभर खाल्लेलं मला आठवत नाही.

अशा बाईला काय सांगायचं? तुझ्या लेकीला अन्न जास्त झालं म्हणून तिनं जठर कापून घेतलं, हे? पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. "हा आजार आहे, तुमचा गुन्हा नाही," असं ते दोनदा म्हणाले होते. परतीच्या वाटेवर कापूरहोळपर्यंत मी त्यांचं ऐकलं. भोर आलं तसा तो पुन्हा माझा गुन्हा झाला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर पाच भोकं. नंतर चमच्यानं पाणी, मग डाळीचं पाणी, मग मऊ भात, तोही चार घास. पाचवा घेतला की उलटून पडायचा. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले. आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस किलो गेले. गालफडं बसली, दंडाची कातडी लोंबायला लागली. आरशात कुणीतरी आजारी बाई दिसायची. पण चौदा पायऱ्या मी एका दमात चढले, त्या दिवशी वर पोचल्यावर दार लावून रडले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

लोक काय बोलत होते याकडे माझं लक्षच नव्हतं. माझा नवरा ट्रक चालवायचा, बंगळूरच्या लायनीवर. आमचे स्वतःचे दोन ट्रक होते, त्यातला एक तो स्वतः न्यायचा. एड्सची पोस्टरं तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतीवर लागलेली असायची. गावाकडं त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, नुसतं "त्यो रोग" म्हणायचं. नवरा ट्रकवाला, बायको बघता बघता वाळली, केस गेले, जेवण जात नाही. भोरच्या बाजाराला येणाऱ्यांनी मला पाहिलं होतं. वाडीनं हिशेब केला आणि तो चुकीचा आहे असं वाटायला काही जागा नव्हती. खडे काढल्यानं कुणी निम्मं होतं का?

चैत्रात जत्रेला मी माहेरी गेले. तासाभराचा चढ कुठंही न बसता चढले आणि त्याच गुर्मीत दारात उभी राहिले. आई बाहेर आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण दंड धरला नाही. शेजारणींनाही हाक मारली नाही.

जेवणाच्या वेळी सगळ्यांपुढं ताटं आली. माझ्यापुढं वहिनीनं पत्रावळ ठेवली आणि पाण्याला प्लास्टिकचा पेला. मटणाचा रस्सा आणि भाकरी होती. मी चार घास खाऊन थांबले. शेजारची चुलती आईला म्हणाली, आवाज खाली न आणता, "ते पान लांब टाकून ये गं. कुत्र्याच्या बी तोंडी लागाया नगं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आई उठली. मला वाटलं, पान उचलायला आली. ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली, पान आपल्यापुढं ओढलं आणि माझी उष्टी भाकरी खायला लागली. बाया बघत होत्या. तिनं भाकरी संपवली, रस्सा पुसून घेतला, शेवटी माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायली. "माझ्या लेकीचं उष्टं हाय," ती म्हणाली.

माझा ऊर भरून आला. सगळी वाडी बोलतेय, पण आईचा त्यावर विश्वास नाही, असं मी समजले. किती मूर्ख असावं माणसानं.

ती मला खाली रस्त्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत एकदाच विचारलं, "गोळ्या घेतीस न्हवं येळच्या येळी?"

"घेते," मी म्हणाले. घेतच होते, व्हिटॅमिनच्या.

"घी बाय," ती म्हणाली.

उतार तासाभराचा होता. त्या तासात सगळं सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात आठवायचं, ही बाई दोन पिकांच्या मधे कंद उकडून खायची. मग मी आंब्याला लागलेल्या कैऱ्यांबद्दल बोलायचे. उष्ट्यानं तो रोग होत नाही, हे मला ठाऊक होतं, पोस्टरवरच लिहिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं.

श्रावणात भावाचा फोन आला. आईला चार दिवस ताप आहे, खोकला आहे, आणि दवाखान्याचं नाव काढलं की चुलीपाशी जाऊन बसते. मी नवऱ्याला घेऊन जीपनं रस्त्यापर्यंत आणि तिथून पावसात वर गेले. ती घोंगडीत गुंडाळून पडली होती आणि श्वास घेताना तिची छाती वाजत होती.

"तू कशापायी आलीस एवढ्या पावसाची?" ती म्हणाली.

"चल भोरला."

"न्हाई याची. तितं रगात काढत्यात. मंग समद्यांस्नी कळंल. तुझ्या पोरींची लग्नं व्हायची हाईत."

"काय कळंल, आये?"

तिनं भावाला पाणी आणायला बाहेर पाठवलं, मग म्हणाली, "तुझं मला लागलं असंल. म्या जाणूनच खाल्लं व्हतं."

"का पण?"

"समद्यांनी टाकल्याली. आईनं बी टाकायची व्हय?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. एकशे बत्तीस किलो, जठर, पाच भोकं. पदर बाजूला करून पोट उघडं केलं. तिनं एकेका व्रणावर बोट ठेवलं. तापानं बोट चटका बसेल इतकं गरम होतं.

"हे खड्याचं हाय. तूच बोलली व्हतीस."

"खोटं बोलले मी! लाज वाटली म्हणून खोटं बोलले!"

"आन्न कमी खायाला पोट कोण कापून घील, बाय?" असं म्हणून ती हसली. माझी समजूत घालत होती. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि ती आडवी झाली. मी ओरडले, तिला नाही नाही ते बोलले, कपाळ बडवून घेतलं. शेवटी भाऊ, नवरा आणि वाडीतल्या दोघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, न्युमोनिया आहे, दोन्ही फुप्फुसं भरलीत, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. त्यांनी रक्त घेतलं तेव्हा मीच म्हणाले, एड्सचीही तपासणी करा. तो कागद मला तिच्या डोळ्यांपुढं धरायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. मी तिच्या कानाशी वाकले. "आये, तुला त्यो रोग न्हाई. कागदावर लिहून दिलंय डॉक्टरांनी. तुला काय बी लागलेलं न्हाई."

तिनं डोळे उघडले. मला वाटलं, धास्तीतून सुटली.

"मंग तुला एकटीलाच हाय व्हय?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी नाही नाही म्हणत राहिले. दुपारी ती गेली.