तुरटी आणि वर केलेला हात

लिहिण्याचा माझा अधिकार काय, हा प्रश्न कुणी विचारण्याआधी मीच विचारते आणि उत्तर नसल्याचे कबूल करते. आयुष्यभर कचेरीत इतरांची पत्रे टंकलिखित केली. स्वतःचे चार शब्द लिहायला साठी उलटावी लागली. त्यातही विषय काखेतल्या घामाचा. वाचकांनी हा अविनय पोटात घालावा.

शाळेत असताना बाकावरच्या शेजारणीने माझ्या कानात सांगितले होते, "तुझी काख किती ओली गं." तिच्या मनात काही वाईट नसावे. पण त्या दिवसानंतर मी वर्गात हात वर केला नाही. उत्तरे येत असत; ती मी वहीत लिहून ठेवी. पुढे नोकरीत भर मे महिन्यातही गडद रंगाचेच ब्लाउज घातले, आरतीला टाळ्या वाजवल्या त्याही कोपरे अंगाला चिकटवून. आपल्याला जगावेगळा घाम येतो, याबद्दल मला शंका नव्हती. इतरांशी ताडून पाहण्याचा मार्ग तेवढा नव्हता.

तो दाखवला माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे मुलीच्या सासूबाईंनी. त्या डिलाईल रोडच्या चाळीत राहतात. मूळच्या मालवणकडच्या, मोकळ्या आवाजाच्या. त्यांच्या यजमानांनी लोअर परळच्या ज्या गिरणीत उमेदीची वर्षे घालवली, तिथे आता काचेची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, घाम रोखणारी औषधे कितपत काम करतात हे तपासणारी एक प्रयोगशाळा होती. त्यांना आमच्या वयाच्या बायका हव्या होत्या.

"चला विहीणबाई," त्या ठाकूरद्वारला माझ्या घरी येऊन म्हणाल्या. "नुसतं बसून घाम काढायचाय. आमच्या ह्यांनी त्याच जागेत उभं राहून काढला."

"तिथे घाम मोजतात?" मी विचारले.

"वजन करतात म्हणे. काखेत कापूस ठेवायचा, मग तो काट्यावर."

मोजतात, एवढेच माझ्या मनात राहिले. आपला घाम खरोखर किती, हे एकदा कळावे, म्हणून मी हो म्हटले.

पहिली अट अशी होती की दोन आठवड्यांहून अधिक काळ काखेत घाम रोखणारे काहीही लावायचे नाही. त्यांनी दिलेला साधा साबण तेवढा वापरायचा. मी अर्जावर सही केली आणि नियम काटेकोरपणे पाळला. घामावर लावायच्या औषधाची माझी बाटली कपाटात कुलूपबंद केली. रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारली.

ठरल्या दिवशी आम्ही दहा-बारा जणी खुर्च्यांवर बसलो होतो. चाचणी घेणाऱ्या बाई चाळिशीच्या, पांढऱ्या कोटातल्या, बोलायला गोड. उष्ण खोलीत जाण्यापूर्वी त्यांनी आम्हाला समजावले: एका काखेत औषध, दुसरी कोरी, आणि दोन्हींकडच्या कापसाच्या वजनातला फरक. "या औषधांत मुख्यतः ॲल्युमिनियमचे क्षार असतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुरटीच्याच घराण्यातले."

 आमच्या न्हाणीघरात कोनाड्यात तुरटीचा खडा असतो. आंघोळीनंतर तो काखेत फिरवायला आईने शिकवले, आणि मी तो त्या सकाळीही फिरवला होता. तुरटी म्हणजे लावण्याची वस्तू, असे कधी मनातच आले नव्हते. ती घरात पाण्यासारखी असते.

कुणाला कळणार नव्हते. गप्प राहिले असते, तर आकडाही मिळाला असता. पण तो माझा नसता, तुरटीचा असता. मग आलेच कशाला? मी खाली पाहिले. चाचणीसाठी म्हणून प्रयोगशाळेनेच दिलेला फिकट निळा सुती अंगरखा अंगावर होता. शेजारी विहीणबाई. आणि बोलायचे तर आधी हात वर करणे आले.

मी केला. पूर्ण वर.

"बाई, मी तुरटी लावली आहे. रोज."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. निळ्या अंगरख्यावरचा डाग मला न पाहताही कळत होता. विहीणबाईंनी तो शांतपणे न्याहाळला.

"तुरटी लावून एवढा?" त्या म्हणाल्या. "न लावता मग भरतीच म्हणायची."

कुणीतरी फिसकन हसले. तेवढ्यात विहीणबाईंचाही हात वर गेला. "मी पण लावते हो. ह्यांची दाढीची होती, ती संपवायला नको?" मागच्या रांगेत आणखी एक हात, मग दोन. चाचणीच्या बाई खुर्चीवर बसल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग पेन काढून त्यांनी सूचनांच्या कागदावर लिहिले: तुरटीसुद्धा नाही. आम्हा पाच जणींना नवी तारीख मिळाली.

दुसऱ्या खेपेला मी दोन आठवडे आधीच खडा शेजारच्या घरी ठेवायला दिला. त्या उष्ण खोलीत कोपरे अंगाला घट्ट लावून बसायचे असते, नाहीतर कापूस निसटतो. या विद्येत मी तरबेज होते. विहीणबाईंना मात्र हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे त्या प्रथमच गप्प होत्या. त्यांच्या नाकावर एक थेंब लोंबत होता आणि तो टिपता येत नव्हता. "विहीणबाई, माका हसवू नका," त्या पुटपुटल्या. मी काहीच केले नव्हते. आम्ही दोघी कोपरे न हलवता, पोट दुखेपर्यंत हसलो.

सगळे आटोपल्यावर मी चाचणीच्या बाईंना बाजूला गाठले आणि माझ्या कोऱ्या काखेचे विचारले. त्यांनी कागद पाहिला.

"तुमचा? अगदी मधला. तुमच्याइतकाच बहुतेकींचा."

"जास्त नाही?"

"नाही हो. सर्वांत जास्त तर तुमच्या विहीणबाईंचा. त्यांनीच मघाशी विचारून घेतलं."

विहीणबाई दारात उभ्या होत्या, चेहरा उजळलेला. "घरात कुणाचा तरी पहिला नंबर आला," त्या म्हणाल्या. "मुलाला सांगते."

खाली रस्त्यावर बस येताना दिसली. ती थांबवायला मी हात वर केला, खांद्यापासून ताठ, आणि बस थांबल्यावरही जरा वेळ तसाच ठेवला. पंचेचाळीस-पन्नास वर्षे मी जो डाग लपवला, तो इतर कुणी पाहत तरी होते का, असे तेव्हापासून मनात येते. म्हणून विचारते: तुम्ही आजवर कुणाच्या काखेतला डाग लक्षात ठेवला आहे का?