तुरा लाल होऊ लागला तेव्हा

आमच्याकडे नातजावई लग्नानंतर पहिल्या आखाडीला, आषाढातल्या सणाला, जेवायला आला, की त्याच्यासाठी घरचा कोंबडा कापतात. बाजारातला नाही, अंगणात वाढलेला. आणि कोंबडीही नाही. अंडी देणारी कोंबडी जावयाच्या ताटात वाढली तर घरची बरकत जाते म्हणतात. यंदा नातीचं लग्न झालं, आणि अंगणात उरलं होतं एकच पिल्लू. त्याची माय आणि भावंडं मुंगसानं नेली. हे तेवढं चुलीमागं दडलं म्हणून वाचलं. मीच त्याला कण्या चारून मोठं केलं. भाकरी थापायला बसले की माझ्या लुगड्याच्या घोळात येऊन बसायचं.

आमचा बुढा तेव्हाच म्हणाला, "नर निंघाला तर आखाडीले. मादी निंघाली तर तुही, पाळ तिले."

झालं. तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

आता पिल्लू लहान असताना कुणाला कळतं हो? माझी सासू अंड्यावरून सांगायची, टोकदार अंडं म्हणजे नर. निम्म्या वेळा चुकायची. शेजारी तांड्यातली एक बाई राहते, ती म्हणाली, "पायाले धरून उलटं लटकवा. मान वर उचलली तर कोंबडा."

मी लटकवलं. त्यानं मान उचलली. पुन्हा लटकवलं, तर निपचित लोंबलं.

"पाह्य, कोंबडी आहे," मी म्हणाले.

"अवो बाई, थकलं असंन ते," ती हसली.

मग रोज सकाळी उठून आधी तुरा पाहायचा, मग तोंड धुवायचं. तुरा पिवळट होता तोवर बरं वाटायचं. आषाढ लागता लागता तो लाल होऊ लागला. म्हटलं, कोंबडीलाही तुरा येतोच की. पाय जाड दिसले, म्हटलं, माझ्या कण्या खाऊन झाले. बुढा खाटेवर बसून नुसता पाहायचा. त्याचं मला जास्त भेव. त्यात सासरहून, लोहाऱ्याहून नातीचा फोन, "आजी, बॉयलर नको वो, हे नाही खात."

खरी खूण असते मानेवर. कोंबडीची पिसं गोल टोकाची, कोंबड्याची लांब, निमुळती, चकाकणारी. मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तिथं पाहत नव्हते. एकदा कण्या टिपताना त्यानं मान वाकवली आणि तसली दोन तांबूस पिसं दिसली. मी इकडंतिकडं पाहिलं आणि उपटली. ते ओरडलं. दुसऱ्या दिवशी आणखी दिसली, तीही उपटली. किती उपटणार होते मी?

आखाडीच्या सकाळी बुढ्यानं त्याला मांडीवर घेतलं. मी चुलीपाशी होते, भाकरी हातातच तुटली. त्यानं बोटांनी मानेवरची पिसं बाजूला सारली. खाली नुसती कातडी.

"हे काय झालं याले?"

"उवा झाल्या असतीन."

"एकाच जागी?"

मी विस्तव सारखा करत राहिले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पिल्लाकडं.

"मादीच आहे मंग," म्हणाला. त्याला खाली सोडलं, गाडी काढली आणि आर्णीच्या बाजारातून पिशवीत कोंबडा घेऊन आला.

पाहुणे यायच्या आत मी आमचं पिल्लू गोठ्यात डाल्याखाली झाकलं, वरून पोतं टाकलं. नातजावयांनी रस्सा पुन्हा मागून घेतला. "घरच्याची चवच अलग राह्यते, आजी." मी हो म्हटलं, पण कान गोठ्याकडं. त्या दिवशी काही वाजलं नाही.

पाहुणे मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा घेत होते, आणि गोठ्यातून फाटक्या आवाजात ते आरवलं. अर्धवटच, पण आरवलं. जन्मात पहिल्यांदा, आणि वेळ ही साधली.

"आबाजी, हा कोण?" नातजावयांनी विचारलं.

"घरचा कोंबडा."

"मंग काल खाल्ला तो?"

बुढ्यानं बशीतला चहा फुंकला. "त्याचा भाऊ."

नातीला ठसका लागला. मला काही हसू आलं नाही. मी उठले आणि आधी डाल्यावरचं पोतं काढलं. रात्रभर त्याला हवा नव्हती.