हुसेनचाचांचा झाकलेला चहा

शारजाच्या हवाई तळावरून चार इंजिनांचं गस्तीचं विमान उडालं, की मेसमधले हुसेनचाचा एक कप चहा ओतायचे, त्यावर बशी पालथी घालायचे आणि तो कप खिडकीत ठेवून द्यायचे. विमान परत उतरेपर्यंत चहाचा थेंब घ्यायचा नाही. ते कधी चार तासांनी यायचं, कधी दहा. मग चाचा बशी उचलायचे आणि तो गारढोण, साय धरलेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकायचे. मी एकदा म्हणालो, "चाचा, आम्ही महिनाभर रोजे धरतो, तुमचे बारा महिने चालू." ते म्हणाले, "इक्बाल, तू जा, तुझ्या स्टोअरमधले स्क्रू बघ."

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरातींचा हा देश तेव्हा देश व्हायचा होता. तळ इंग्रजांचा, त्याच्या भोवती वाळू, आणि तळावर राबणारे आम्ही सगळीकडून आलेले लोक. मी बाविशीचा, रत्नागिरीकडचा, मॅट्रिक झालेला, स्टोअरमध्ये क्लार्क. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि त्याचा मला फार माज होता. चाचा आमच्याच खाडीच्या पलीकडच्या गावचे, मेसचे हेड बेअरर. ठेंगणे, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, मेंदी लावलेली दाढी. सबंध दुसरी मोठी लढाई त्यांनी बंगालमधल्या एका बॉम्बर विमानांच्या तळावर मेसमध्ये काढली होती. इंग्रजी बोलायचे ते मेसपुरतं. लिहिता-वाचता कुठलीच भाषा येत नव्हती.

कुठलीही आनंदाची बातमी सांगा, चाचांचा एकच सवाल असायचा. "उतरलं का?" माझं लग्न ठरल्याचं घरून पत्र आलं, ते नाचवत मी मेसमध्ये गेलो, तर म्हणाले, "उतरलं का? निकाह झाला की सांग, शिरखुर्मा मी करतो." मुंबईची बोट उद्या टपाल घेऊन येतेय असं कुणी म्हटलं, तरी तेच. "उतरलं का? मग बोल." आम्ही त्यांच्या माघारी नकला करायचो. सगळ्यांत चांगली नक्कल माझी होती.

एक दिवस गस्तीचं विमान दोन वाजता यायचं ते पाच वाजले तरी आलं नाही. जेवणं उरकली होती, पण त्या विमानातल्या लोकांचं टेबल मांडलेलं तसंच होतं. मेसचा सार्जंट प्लेटा उचलायला सांगत होता आणि चाचा टेबलाच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहून म्हणत होते, "नो सर. प्लेन नॉट डाउन सर." सार्जंट शिव्या देऊन निघून गेला. सहाच्या सुमारास इंजिनांचा आवाज आला. एका इंजिनात बिघाड झाल्यामुळे ते मधे कुठेतरी उतरलं होतं, एवढंच. चाचा खिडकीशी गेले, बशी उचलली, पण कप तोंडाला लागायच्या आधीच चहा कोटावर सांडला. मी धरून त्यांना बाकावर बसवलं. चेष्टा करायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी पाणी आणून दिलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं.

बंगालच्या तळावर मोठी बॉम्बर विमानं होती. एका विमानात आठ माणसं. दुपारी उडायची, बर्मात जाऊन बॉम्ब टाकायची आणि सकाळच्या नाश्त्याला परत यायची. दर विमानाचं एक टेबल, दर टेबलावर आठ प्लेटा, आणि त्या ते यायच्या आधीच मांडायच्या, असा रिवाज. न आलेल्यांच्या प्लेटा आपल्या मनाने उचलायच्या नाहीत. ऑफिसातून हुकूम यायचा, मगच उचलायच्या. "एका सकाळी चार टेबलं मांडली, इक्बाल. दोन टेबलांवर कुणी बसलंच नाही. सोळा माणसं. आदल्या दिवशी यातल्या एकाने मला मिरचीचं लोणचं मागितलं होतं. त्या प्लेटांत कुणी जेवलेलं नव्हतं, साफ होत्या, तरी आम्ही त्या धुवायचो. कशाला, ते विचारू नकोस."

त्यात एक पीटर होता. एकोणीस-वीस वर्षांचा, विमानाच्या शेपटीत बंदूक धरून एकटा बसायचा. त्याने आईला एक शेवटचं पत्र लिहून चाचांकडे ठेवलं होतं. ऑफिसात दिलं तर साहेब वाचतील, याची त्याला लाज वाटत होती. "माझी प्लेट उचललीस की हे टपालात टाक," एवढंच तो म्हणाला होता.

एका सकाळी पीटरचं विमान आलं नाही. त्याच दिवशी चाचांची महिन्याची रजा सुरू होत होती. गावी मुलगी झाली होती, तिचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. स्टेशनला जाणारी टपालाची लॉरी बारा वाजता निघणार होती. हुकूम आला नव्हता. पण विमानातलं पेट्रोल किती तास पुरतं, हे मेसमधल्या भांडी घासणाऱ्यालाही पाठ होतं, आणि ते तास संपले होते. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा चाचांना धीर होईना. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या आठ प्लेटा उचलल्या आणि पत्र टपालाच्या थैलीत टाकून लॉरीत बसले.

दुपारी चार वाजता निरोप आला, की विमान किनाऱ्यावरच्या एका छोट्या धावपट्टीवर उतरलंय आणि आठही जण ठीक आहेत.

"मी रजेवरून आलो तर पोरगा हसत पुढे आला. म्हणाला, हुसेन, तू तर मला मारूनच टाकलंस! आई चार दिवस रडली, मग माझी तार गेली. मी कान पकडले. दुसरं पत्र लिहून दे म्हटलं, तर म्हणाला, एकदा लिहिलं तेवढं पुरे." चाचांनी कोटावरचा डाग पुसला. "दहा दिवसांनी गेला तो आलाच नाही. आठही जण. त्या वेळी मी हुकमाची वाट बघितली. दोन दिवस बघितली. मग खलास."

काही महिन्यांनी त्या आईचं पत्र आलं, थेट 'बेअरर हुसेन' या नावाने. पीटरने तिला हा किस्सा कळवला होता. तेव्हा मेसमधल्या एकाने वाचून दाखवलेलं ते पत्र चाचांनी जपून ठेवलं होतं, त्यांनी ते माझ्या हातात दिलं. तिने लिहिलं होतं, की सरकारची तार आली आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. मागे त्याचं शेवटचं पत्र आलं तरी तो जिवंत होता. आता तर पत्रही आलेलं नाही. म्हणजे तुम्ही प्लेट उचललेली नाही, हो ना?

वीस वर्षं चाचांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, "लिही. मी सांगतो तसंच लिही." मी वहीत मराठीत उतरवून घेतलं. ते पान मला तोंडपाठ आहे. "बाई, पहिलं पत्र मी घाईने टाकलं. चूक माझी. दुसऱ्या वेळी पत्र आलं नाही, कारण त्याने लिहिलंच नव्हतं. विमान उतरलं नाही. प्लेट मी उचलली. आता वाट बघू नका. मला माफी द्यायची तर द्या."

त्याचं इंग्रजी करून टपालात टाकायचं, एवढंच माझं काम होतं. मी ते केलं नाही. मला ते पत्र ओबडधोबड वाटलं. म्हाताऱ्या बाईला असं तोंडावर कुणी सांगतं का, असं मीच ठरवलं. शिवाय तळावरचं टपाल साहेबांच्या नजरेखालून जायचं, उगाच आपली नोकरी कशाला धोक्यात घाला, हाही विचार होता. खरं सांगायचं तर मला माझं इंग्रजी दाखवायचं होतं. दोन पानं भरून मी सुंदर लिहिलं. तुमचा मुलगा शूर होता, हसरा होता. घाईने टाकलेल्या पत्राचा, प्लेटांचा उल्लेख नाही. आणि शेवटी, छान वाटतं म्हणून, एक वाक्य घातलं, की आम्हीही अजून आशा सोडलेली नाही. खाली चाचांचा अंगठा घेतला. त्यांनी विचारलं, "सगळं लिहिलंस ना?" मी म्हणालो, "सगळं."

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. चाचा मेसमधून हात पुसत धावत आले. मी पाकीट फोडून आधी मनात वाचलं. तिने माझे, म्हणजे हुसेनचे, फार आभार मानले होते. वीस वर्षं सगळे मला विसर म्हणतात, तिथे असलेल्या माणसाने प्रथमच धीर दिला, असं लिहिलं होतं. गावच्या चर्चमध्ये लढाईत गेलेल्यांच्या नावांचा एक दगड आहे. त्यावर पीटरचं नाव कोरायला तिने यंदा अखेर होकार दिला होता. "तुमचं पत्र आलं आणि मी पाद्रीबुवांना थांबायला सांगितलं."

चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणते, वाच की. यल्ला, लवकर!"

आणि मी वाचलं. कागदावर नजर ठेवून, न अडखळता. तिने तुम्हाला माफ केलंय. ती आता वाट बघत नाही. चर्चमधल्या दगडावर त्याचं नाव कोरलंय.

चाचा मग म्हणाले, "उतरलं." आणि तोंडावर कोटाची बाही धरून रडले. मी तिथेच उभा होतो. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी गस्तीचं विमान उडालं. चाचांनी चहा ओतला आणि विमान डोक्यावरून जात असतानाच गरम गरम पिऊन टाकला. मला हाक मारून म्हणाले, "इक्बाल, ये, तूही घे. तुझ्यामुळे पितोय." तो चहा मी कसा गिळला ते मला माहीत.

वर्षभराने ते नोकरी सोडून दुबईहून बोटीने गावी गेले. बोटीवर पोचवायला मी गेलो होतो. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मुलाने नसतं केलं ते तू केलंस. अल्ला तुला बरकत देवो." पुढच्या ईदच्या आधी त्यांच्या गावाहून निरोप आला, की चाचा झोपेतच गेले, चेहरा अगदी शांत होता.

त्यानंतर मी वही काढली आणि त्यांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द, इंग्रजीत केलं. सात ओळी झाल्या. पाकिटावर पत्ता घातला. मग वाटलं, यासोबत मागचं पत्र खोटं होतं हेही लिहावं लागेल, आणि ते कुणी लिहिलं हेही. उद्या लिहू म्हणालो. तळ बंद झाला, देश झाला, माझी मुलं इथेच मोठी झाली. ते पाकीट घरोघर माझ्याबरोबर फिरलं. ती बाई आता असणं शक्यच नाही. ती कुठल्या दिवसापर्यंत दाराकडे बघत होती, कोण जाणे.

जुन्या धावपट्टीवर आता रस्ता आहे. माझा नातू रोज त्याच रस्त्याने दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात जातो आणि ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकतो. परवा शुक्रवारी त्याला मी ही गोष्ट सांगितली, चाचांच्या चुकीची, पीटर गेला तिथपर्यंतची. पुढची नाही. त्याने लगेच फोन काढला. "दादा, तिकडे गावोगावी लढाईत गेलेल्यांच्या नावांचे दगड असतात, त्यांचे फोटो नेटवर असतात हल्ली. गिव्ह मी द नेम ऑफ द व्हिलेज, आय विल चेक. पीटरचं नाव आहे की नाही, दोन मिनिटांत कळेल."

पाकीट टेबलाच्या खालच्या खणात होतं. त्यावर त्या गावाचं नाव माझ्या त्या वेळच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे. मी नातवाला म्हणालो, गावाचं नाव विसरलो बाबा, फार वर्षं झाली.