इंजिन पाणी पितंय

दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर नाना सकाळी जीपचं पाणी बघितल्याशिवाय कुणाशी बोलत नसत. मी तिथली नर्स. नवी असताना दोनदा नमस्कार केला, तर बॉनेटमधून मान न काढता त्यांनी नुसता हात वर केला. मला तो शिष्टपणा वाटला. माझाही स्वभाव तेव्हा काही फार गोड नव्हता.

इंजिन तापून काटा लाल पट्ट्यावर गेला की नाना असतील तिथं गाडी थांबवत आणि आम्हा सगळ्यांना लिंबाखाली बसवत. "तापल्याली गाडी आन तापल्याला मानूस, दोघांना लगीच हात लावायचा न्हाई." आमच्या कंपाउंडरनं एकदा ऐकलं नाही आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. पुढं पंधरा दिवस तो डाव्या हातानं गोळ्या मोजत होता, आणि नाना त्याला रोज मायेनं विचारत, आत पाणी किती होतं म्हणून.

पाणी कुठून गळतंय हे शोधायची त्यांची रीत साधी होती. जीपखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, चहाला जायचं आणि परत येऊन कागद कुठं भिजलाय ते बघायचं. बहात्तरच्या दुष्काळात मात्र कागद कोरडाच राहू लागला, तरी रेडिएटर रिकामा. नानांनी मला बोलावून रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे दाखवले, तेलाच्या पट्टीवरचा ताकासारखा पांढरा थर दाखवला. "बाई, भाईर थेंब न्हाई. इंजान पानी पितंय." पाणी आतल्या आत तेलात उतरत होतं; हे दुखणं इंजिन खोलल्याशिवाय जाणारं नव्हतं. वरच्या कार्यालयाला त्यांचे तीन अर्ज मीच लिहून दिले. एकाचं उत्तर आलं: दुसरी गाडी उपलब्ध नाही, पाणी घालून चालवावी.

पण पाणी आणायचं कुठून? दवाखान्यात भांडी विसळलेलं पाणी नाना धोतराच्या फडक्यानं गाळून दोन डब्यांत भरून घेत. गावात कधी मागत नसत. माणसाच्या तोंडचं पाणी इंजिनात ओतायला त्यांचा हात धजत नसे.

एका दुपारी काष्टीच्या बाजूच्या वस्तीवरून एका बाईला घेऊन आम्ही नगरला निघालो. पहिलटकरीण होती, आणि बाळाचा हात आधी बाहेर आला होता. शेजारी तिचा नवरा. अर्ध्या वाटेवर दोन्ही डबे संपले. पुढच्या गावाच्या वेशीत टँकर नुकता रिकामा होऊन दौंडकडं वळत होता आणि बाया भरलेले हंडे उचलत होत्या. नाना खाली उतरले आणि त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. तीन हंडे आणि एका म्हातारीची कळशी आमच्या जीपमध्ये रिती झाली.

चार मैलांवर इंजिन जाम झालं. दीड तासानं धान्याचा ट्रक मिळाला. नगरच्या अलीकडचं केडगाव यायच्या आत ती माझ्या मांडीवर गेली, आणि बाळ पोटातच राहिलं. नवरा शेवटपर्यंत मला विचारत होता, आता किती लांब.

दोन दिवसांनी नानांनी स्वतःहून सांगितलं. "येशीतच कळलं हुतं बाई, गाडी काय नगर गाठत न्हाई. टँकरच्या केबिनीत घालून तिला दौंडच्या दवाखान्यात न्हेता आलं असतं. पर त्यो गडी माझ्या तोंडाकडं बघत हुता. गाडी संपली म्हनून सांगायला जीभच उचलली न्हाई." मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आठवड्यानं किल्ल्या टेबलावर ठेवून ते घरी गेले ते परत आलेच नाहीत. वर्षभरात ते वारल्याचं कळलं. मी भेटायला गेले नव्हते. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढं मोठ्या दवाखान्यात नोकरी केली. खाटेवरचं माणूस हाती लागणार नाही हे दिसत असताना, त्याच्या भावाच्या, लेकाच्या हातात मी कितीदा औषधाची चिठ्ठी दिली आणि म्हटलं, पळा, लवकर आणा. ते पळत जिना उतरायचे. त्यांच्या तोंडावर खरं सांगणं मला एकदाही जमलं नाही.