भांगाचा दिवस

सावळीरामभाऊ तिडक्यांना पाण्याची भीती लहानपणापासूनची. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते पाहायला सगळं नाशिक लोटायचं. भाऊ मात्र पुलाच्या अलीकडेच थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "कंबरेपर्यंत की छातीपर्यंत?" उत्तर मिळालं की घरी.

असा हा माणूस पस्तीस वर्षं समुद्र दाखवून पोट भरत होता. मखमलाबादची फुलशेती भावावर सोपवून त्यांनी पंचवटीत फोटो स्टुडिओ काढला. तिथल्या पडद्यावर समुद्र रंगवलेला होता. दोन माड, एक शिडाची होडी, मागे दगडी धक्का. पेठ-नांदगावची नवी जोडपी त्यापुढे ताठ उभी राहत. एखादी नवरी विचारायची, "असं खरंच असतं कुठं?" भाऊ म्हणायचे, "असेल की. हनुवटी वर घ्या." त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेलाच नव्हता.

घरोघरी मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला. पडदा गुंडाळताना मागच्या बाजूला रंगाऱ्याच्या हातचं एक नाव सापडलं: आडबंदर.

त्या दिवाळीनंतर भाऊ कोकणात जाऊन ते गाव पाहून आले. छप्पर उडालेली बंदराची कचेरी होती. वाळूच्या पट्ट्यापलीकडे, ओहोटीत उघडा पडणारा जुना धक्का होता. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला तो बांधणाऱ्या गवंड्यांची नावं कोरली आहेत, दर पावसाळ्यात एखादा दगड निखळतो, आणि त्या नावांचा फोटो कुणाकडेच नाही, असं कळलं. भाऊंच्या मनाने ते घेतलं.

ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या भागीबाई कोळणीने बजावलं, "धक्क्यावर जायचं तर भांगाला जा. उधाणाला पाऊल ठेवू नका."

भाऊंनी मान डोलावली. तिकडचे लोक भांगेला भांगाला म्हणत असतील, एवढंच त्यांना वाटलं. त्र्यंबकेश्वराच्या शेजारी वाढलेल्या माणसाला भांगेचा दिवस कोणता हे का सांगावं लागतं?

ते महाशिवरात्रीला गेले.

पहाटे पोहोचले, ते भागीबाईच्या घरी न टेकता थेट किनाऱ्यावर. समुद्र शांत होता, म्हणजे उधाण नाही. पाणी तर इतकं मागे सरलेलं, की धक्का पायापर्यंत कोरडा. बाई खरं बोलली, असं म्हणत भाऊ वाळू तुडवत गेले, पलीकडच्या अंगाला उतरले आणि कॅमेऱ्याची तिवई लावली. उजाडलं तसं एकेक नाव दिसू लागलं. रामा. बाळा. तिसरं शेवाळाने भरलेलं. ते हाताने पुसताना त्यांना वेळेचं भान राहिलं नाही.

बूट ओला झाला तेव्हा त्यांनी मागे पाहिलं. पाणी समोरून आलंच नव्हतं. ते मागून, वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून शिरलं होतं, आणि किनाऱ्याची वाट नाहीशी झाली होती.

भाऊ धक्क्यावर चढले. तिवई खालीच सोडून कॅमेरा गळ्यात अडकवला. गोदावरीचं पाणी वाढायचं तर आधी धरणातून सोडल्याची बातमी येते, भोंगे वाजतात. इथे कुणी काहीच सांगत नव्हतं. पाणी कुठवर चढेल ते पाहायला त्यांनी सवयीने खूण शोधली. धक्क्यावर एक जुना दगडी खांब होता. त्याला भरतीचं पाणी लागतं तिथवर कालवांचे शिंपले चिकटलेले होते. घोट्यापाशी होते, कंबरेपाशी होते. भाऊंनी नजर वर नेली. त्यांच्या डोक्याच्याही वर वीतभर शिंपले होते.

कॅमेरा गळ्यात घट्ट धरून ते खांबाला मिठी मारून उभे राहिले. पाणी गुडघ्याला लागलं. मग मांडीला. बायकोला, शुभांगीला, आपण कुठे जातो तेही नीट सांगितलं नाही, एवढाच विचार डोक्यात फिरत राहिला.

कंबर बुडाली तेव्हा वल्ह्यांचा आवाज आला. किनाऱ्यावरून त्यांना पाहून निघालेल्या होडीत भागीबाई आणि तिचा नवरा सहादू होता.

"हात सोडा खांबाचा," सहादू म्हणाला.

"सुटत नाही."

त्याने एकेक बोट सोडवून त्यांना आत ओढलं.

"भांगाला या सांगितलं होतं ना तुम्हाला?" भागीबाई म्हणाली.

"आज महाशिवरात्र. भांगेचाच दिवस."

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "अहो नाशिकवाले, भांग म्हणजे अष्टमीची भरती. थोडी येते, थोडी जाते. उद्या अवसेचं उधाण हाय, पाणी हटतं तेवढंच चढतं. पिण्याची भांग कुणी सांगितली तुम्हाला?"

सहादू हसू दाबत वल्हवत होता. भाऊंचे दात वाजत होते.

"अष्टमीला नावं दिसतात?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाय. पाणी तेवढं हटतच नाय."

"मग मला अष्टमीला का बोलावत होतात?"

"घरी परत जावं म्हणून," ती म्हणाली.

फोटोत दोन नावं स्पष्ट आली. तिसरं हललं. नाशिकला शुभांगीताईंनी ते पाहिलं, सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "पाणी आलं तरी कुठवर होतं?"

भाऊ भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी हात कंबरेला लावला नाही. डोक्याच्या वर वीतभर, भिंतीवर ठेवला, आणि बराच वेळ तसाच धरून राहिले.