न उठलेली गांध

नगरला ॲलर्जीचं प्रशिक्षण घेत होतो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. प्रशिक्षण म्हणजे बहुतेक हमालीच. दवाखान्यातली एक खोली, परदेशात शिकून आलेले सर आणि मी. राहुरीकडून पोत्यात भरून आणलेली खळ्यावरची धूळ चाळायची, मिठाच्या पाण्यात भिजवून गाळायची, बाटल्यांत भरायची. वीज गेली की त्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. औषध द्यायची मला परवानगी नव्हती. दम लागलेली माणसं समोर बसायची आणि मी, डॉक्टर झालेला माणूस, चाळणी हलवत असायचो.

चाचणीआधी तीन दिवस शिंकांची गोळी बंद, हा सरांचा मुख्य नियम. गोळी पोटात असली की हातावर गांध उठत नाही, चाचणी खोटी पडते. माझ्या आधीच्या डॉक्टरनं अशीच एका रुग्णाला चाचणीआधी गोळी दिली, म्हणून त्याला त्यांनी घरी पाठवलं होतं. "दया फार येत असेल तर देवळाबाहेर बसा, डॉक्टर," ते मला म्हणायचे. "इथं चाचणी होते."

दुष्काळाच्या आधीचं ते वर्ष. बाजरीची मळणी चालू होती. राहुरीजवळच्या खेड्यातली एक बाई धाकट्या सुनेला घेऊन आली.

"थोरली म्हनती ही सोंग करती," सासूनं सरळ सांगितलं. "ही म्हनती खळ्यावर गेलं की जीव जातो. मी कुनाचं ऐकू? तुमी आजार हाय म्हना, हिला खळ्यावर धाडनार न्हाई. न्हाई म्हना, परवापासून कामाला."

चाचणी दुसऱ्या दिवशी होती. सासू धर्मशाळेत जागा बघायला गेली. सून व्हरांड्यात बसून शिंकत होती. डोळे सुजलेले, मनगटं खाजवून लाल झालेली. तिनं काहीही मागितलं नाही. मीच गोळी आणून तिच्या हातावर ठेवली. सरांचा, त्या चाळणीचा, सगळ्याचा राग त्या गोळीत होता. आणि नियमाचं म्हणाल तर मला तो त्या क्षणी आठवत होता. एका गोळीनं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

सकाळी मी तिच्या हातावर थेंब टाकून सुई टोचली. वीस मिनिटं झाली तरी बाजरीच्या धुळीची जागा सपाटच. शेजारी एक थेंब असा असतो की त्यानं कुणाच्याही कातडीवर गांध उठायलाच हवी. न उठली तर चाचणी बाद. तीही जागा सपाट होती. कागदावर त्या थेंबाच्या रकान्यात मी 'बरोबर' अशी खूण केली, म्हणजे गांध उठली.

सरांनी कागद वाचला. "काही ॲलर्जी नाही. मनाचं दुखणं आहे."

सासूनं सुनेकडे पाहिलं. "चल," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी तिला बैलगाडीतून एसटी स्टँडवर आणि तिथून आमच्याकडे आणलं. ओठ निळे पडले होते. ती वाचली. बरी झाल्यावर, सगळी औषधं थांबवून, सरांनी स्वतः पुन्हा चाचणी घेतली. बाजरीच्या जागी रुपयाएवढी गांध उठली. सर जुना कागद आणि हातावरची नवी गांध बघत राहिले. माझ्या खुणेवर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी दुसरा अर्थ काढला.

"पहिल्या वेळी ही बाई कुठून तरी गोळी खाऊन आली होती. बाजरीची गांध तिनं दबली, शेजारच्या थेंबाची दाबायला तेवढी पुरली नाही, इतकंच."

"कुठनं आनलीस गं गोळी?" सासू म्हणाली. "मला बी न्हाई सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गाळणी धूत होतो. पाणी चालू ठेवलं.

"न्हाई आठवत," ती म्हणाली.

"आजार खरा, पन तू लबाडच," सासू म्हणाली, आणि खळ्याचं काम बंद करण्याची चिठ्ठी कनवटीला लावून तिला घेऊन गेली. सरांनी कागदावर लिहिलं: रुग्ण खरी माहिती देत नाही.

प्रशिक्षण पुरं झालं. प्रमाणपत्रावर सरांची सही आहे, ते अजून माझ्या भिंतीवर आहे. तिनं का सांगितलं नाही, हे मला आजही कळत नाही, आणि विचारायला मी कधी गेलो नाही. तो कागद आता कुठं असेल देव जाणे. तरी इथं दुरुस्त करतो. गोळी मी दिली. रकान्यातली खूण खोटी होती. ती बाई खरं तेच सांगत होती.