आग्रा रोडवरचा ब्लोअर

भडगावचा भटू जळगावात आला तो जिनिंग फॅक्टरीत खलाशी म्हणून. अवजड यंत्रं उचलायची, सरकवायची, खाली उतरवायची. ते काम त्याच्या हातात असं बसलं की पुढे त्याने स्वतःची चेनपुली घेतली आणि गच्च्यांवरची कामं धरली. नव्वदच्या आसपास अशी कामं भरपूर निघत होती. खान्देशातल्या उन्हाळ्यासाठी टॉकीज, बँका, मोठी कापडदुकानं यांनी एकेकाळी गच्चीवर थंड हवेचे प्लांट बसवले होते: खोलीएवढी पत्र्याची पेटी, आत वाळ्याच्या जाळ्या, पाण्याचा हौद आणि माणसाच्या उंचीचा ब्लोअर. ते सगळं आता गंजून गळत होतं. खिडकीतले एसी आले, तसे मालक म्हणू लागले, हे धूड आधी उतरवा.

भटूच्या हाताखाली पहूरचा रुपचंद शिकला. ठेंगणा, हसरा, बोलघेवडा. भटूला तो ‘भाऊ’ म्हणायचा आणि सांगितलेलं मुकाट करायचा. खोड काढावी असं त्याच्यात काही नव्हतं, आणि हेच भटूला सलायचं. वर चेन ओढून भटूच्या दंडाला गोळे यायचे. खाली रुपचंद रस्त्यावरच्या लोकांना हसवत, हातगाड्या बाजूला घेत उभा असायचा. माल जमिनीला टेकला की लोक त्याच्याच पाठीवर थाप मारायचे.

घरीही तेच. एकदा जेवायला आला, तर म्हणाला, “वहिनी, अशी बट्टी मह्या मायलेबी जमत नही.” भटूची बायको यशोदाबाई पदर तोंडाला लावून हसली. इतक्या वर्षांच्या संसारात ती आपल्या बोलण्यावर अशी हसल्याचं भटूला काही आठवेना. पाहुणा गेल्यावर तो तिला म्हणाला, “वरणमा मीठ कमी व्हतं.” मीठ बरोबर होतं.

पुढे रुपचंदने वेगळं काम सुरू केलं. विचारून, पाया पडून गेला. भटूने आशीर्वाद दिला आणि त्या दिवसापासून त्याच्या कामांवर डोळा ठेवला. जळगावच्या एका बँकेवरचा ब्लोअर रुपचंदने न तोडता अखंडच खाली उतरवला, ही बातमी भटूला चहाच्या टपरीवर कळली. सांगणारा कौतुकाने सांगत होता. भटू चहा अर्धा टाकून उठला.

त्याच उन्हाळ्यात धुळ्याचं काम आलं. आग्रा रोडवर तीनमजली कापडदुकान, मालक तोताराम शेठ. जिना चढता चढता शेठ म्हणाले, “रुपचंद सावद्याच्या कामात अडकलाय म्हणे. तो असता तर काळजी नव्हती.”

“त्याले मीच शिकाडं, शेठ,” भटू म्हणाला.

“हो का?” शेठ म्हणाले, आणि पुन्हा रुपचंदचंच काहीतरी सांगू लागले.

खरं तर तो ब्लोअर तुकडे करून जिन्यानेच न्यायचा. जोडीदार वना तेच म्हणत होता. पण भटूच्या डोक्यात ती बँक बसली होती. “अखंड उतारसूत,” तो म्हणाला. “आपलेबी येस.”

त्याने कठड्यावरून लोखंडी गर्डर बाहेर काढला, मागच्या टोकावर वाळूची पोती रचली आणि पुढच्या टोकाला चेनपुली अडकवली. ब्लोअर कठड्यापलीकडे गेला, हळूहळू खाली सरकू लागला. रस्त्यावर माणसं थांबली. भटूने खाली नजर टाकली आणि गर्दीत त्याला रुपचंद दिसला. हात कपाळावर धरून वर बघत होता.

तमाशा बघायला आला, भटूला वाटलं. त्याने चेन जोरात ओढली. गरजेपेक्षा फार जोरात. चेनला पीळ पडला आणि ती पुलीत अडकली. ब्लोअर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर गचका खाऊन थांबला, हेलकावला आणि दुकानाच्या पाटीचा कोपरा घेऊन गेला. त्या गचक्याने जुनी पोती उसवली. वाळू भसाभसा गळू लागली आणि गर्डरचं मागचं टोक उचललं.

भटू आणि वना धावत जाऊन त्या टोकावर बसले. टोक खाली आलं, पण आता उठायची सोय नव्हती. एक जण उठला तरी ब्लोअर रस्त्यावर जाणार. चेन सोडवायला कुणी नव्हतं. दुकानातले नोकर जिन्याच्या दारातून डोकावत होते; भटू त्यांच्यावर ओरडला, तसे ते आणखी मागे सरले.

तेवढ्यात रुपचंद वर आला. खालचा रस्ता त्याने मोकळा करूनच घेतला होता. त्याने एकवार सगळीकडे पाहिलं आणि नोकरांकडे वळला.

“काय मंडळी, दिवसभर गादीवरच बसता ना? मग आज आठी गर्डरवर बसा. पाह्यजे तर मांडीवर कापडाचं ठान घ्या!”

एक जण हसला. हसला तो आला, त्याच्यामागे बाकीचेही आले. रुपचंद स्वतः त्यांच्यात दाटीने बसला.

“भाऊ, तू उठ,” तो म्हणाला. “चेन तुह्याच हातानं सुटीन. मले नही जमणार.”

भटू उठला. कठड्यावर पोट टेकवून त्याने हात बाहेर काढला. तापलेल्या लोखंडाने तळवे भाजत होते. एकेक कडी चाचपत त्याने पीळ उलगडला आणि चेन पुन्हा वाहती झाली. ब्लोअर सावकाश जमिनीला टेकला. खालून टाळ्या आल्या. रुपचंदने कठड्यापाशी येऊन लोकांना हात केला, आणि टाळ्या वाढल्या.

शेठने चहा आणवला. पहिला कप रुपचंदच्या हातात गेला.

“सावद्याचं काम लवकर उरकलं, म्हणून मीच फोन करून बोलावलं,” शेठ भटूला म्हणाले. “पण तुमचं नाव यानंच सुचवलं होतं बरं का. म्हणाला, भटूभाऊंनाच द्या.”

भटूने कप खाली ठेवला. आतापर्यंत निदान काम तरी आपलं होतं. आता तेही त्याने दिलेलं निघालं.

परतीच्या एसटीत भटू आणि रुपचंद शेजारी बसले. पारोळा मागे पडलं तरी भटू खिडकीबाहेरच बघत होता. शेवटी म्हणाला, “मनं नाव कसाले सांगं तू?”

“मंग कोनाचं सांगू?” रुपचंद म्हणाला. “मले दुसरं नावच माहीत नही.”

त्यात टोमणा शोधायचा भटूने जळगाव येईपर्यंत प्रयत्न केला. सापडला नाही, तेव्हा त्याला आणखीच राग आला.

पुढच्या हंगामात मात्र तो स्वतः पहूरला गेला आणि एका टॉकीजचं मोठं काम भागीत करू म्हणाला. वरचं त्याचं, खालचं रुपचंदचं. मन साफ झालं म्हणून नव्हे. गच्चीवर अडकून बसलेली ती दुपार तो विसरला नव्हता. कामाच्या दिवशी टॉकीजचा मॅनेजर गच्चीवर आला आणि भटूला ओलांडून इकडेतिकडे बघू लागला.

“रुपचंदभाऊ कुठे आहेत?”

ते भटूला आताही सललं. त्याने चेन वनाच्या हातात दिली, कठड्याशी गेला आणि खाली हाक मारली, “रुपचंद! वर ये. तुलेच इचारी ऱ्हायनात.”